मीठ कुणाला सांगितलं

पहाटे चारच्या सुमाराला वारा फिरला. शिऊचिन तेव्हा अंगणातल्या नळावर हात धूत होती. ओल्या मनगटांवरून वारा गेला, पण गार काही लागलं नाही. तिनं हात तसेच वर धरले, थोडा वेळ उभी राहिली. कालपर्यंत डोंगराकडचा होता, कोरडा, सुरीसारखा. हा समुद्राकडचा. ओला, जड, झोपेतून उठल्यासारखा.

बावीस वर्षं या अंगणात शेवया वाळत घातलेल्या बाईला आणखी काही बघावं लागत नाही. ओल्या वाऱ्यात पीठ सैल पडतं, आज मीठ वाढवायला हवं होतं.

ती आत गेली तर पिठाच्या मोठ्या काथवटीपाशी तिची नणंद उभी. बीयुननं बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या, केस रुमालात बांधले होते. बाजूला स्टुलावर सासू बसलेली. सुआतबाई एवढ्या पहाटे खाली उतरत नसत, गुडघ्यांमुळे.

"आज देवाच्या शेवया बीयुन करील," सासू म्हणाली.

म्हातारे मालक, शिऊचिनचे सासरे, वसंतात गेले, तेव्हापासून मिठाचं पाणी तीच कालवत होती. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, कुणी नाहीही म्हटलं नव्हतं. आणि आज शरदातली पौर्णिमा. दुपारी भूमिदेवाच्या देवळात ताज्या शेवयांच्या जुड्या जायच्या, लाल कागदात बांधून, धागा कुठंही न तुटलेला. संध्याकाळी अंगणात घरचे, कामगार, शेजारीपाजारी फाशांच्या वाडग्याभोवती बसणार, बक्षिसांसाठी फासे पडणार. को घराण्यात पहिला हात टाकतो तो कारखान्याचा मालक. पन्नास वर्षं तो हात म्हाताऱ्याचा होता. यंदा कुणाचा, ते सासू अजून बोलली नव्हती.

आता बोलल्यासारखंच झालं होतं.

"काल मी मोजले, वहिनी," बीयुन म्हणाली. "एका पोत्याला अकरा वाडगे मीठ. तेवढंच ना?"

शिऊचिननं पिठाकडे बघितलं. दाराकडे बघितलं. दारातून तो ओला वारा आत येत होता, पिठावरून हात फिरवत होता.

"तुम्ही मोजलंत ना?" ती म्हणाली. "मग झालं."

सासूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "घाल बाई, घाल. उजाडेल."

बीयुननं अकरा वाडगे घातले.

*

नऊ वाजता शेवया चौकटींवर चढल्या. एक काठी वरच्या भोकात, दुसरी हातात, आणि बायका मागं मागं सरकत धागा ओढत निघाल्या. ओढताना गायचं असतं, नाहीतर हात एका लयीत राहत नाहीत:

*ओढ बाई ओढ धागा, दोन काठ्यांच्या मधी गं,*
*एका काठीला माहेर, दुज्या काठीला सासर.*

बीयुनला हे गाणं पाठ होतं. ती या घरची लेक. चौदाव्या वर्षी पहिली काठी धरली, बाविसाव्या वर्षी लग्न होऊन शेनझेनला गेली, आणि दोन वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, एक सुटकेस घेऊन परत आली. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, घरातही कुणी घेत नाही. आल्यावर तिनं लाल खोकी छापून घेतली, शेवयांचे फोटो काढले, मोबाइलवर विक्री सुरू केली. वर्षात मागणी दुप्पट झाली. गावात लोक म्हणायचे, लेक बापावर गेलीय. पण घरात? घरात आईला ताप आला की आई हाक मारायची, "शिऊचिन!" दाराशी बीयुन औषध घेऊन उभी असायची, आणि हाक तिच्या डोक्यावरून जायची.

आणि तो दवाखान्यातला दिवस. ती गरम पाण्याचा थर्मास घेऊन काचेच्या दाराबाहेर थांबली होती. आत बाबांनी वहिनीची बाही धरून तिला जवळ ओढलं. कितीतरी वेळ बोलले. वहिनी मान हलवत होती. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. घरी येऊन बीयुननंच आईला सांगितलं, "मिठाचं माप तिला सांगितलं त्यांनी. रक्ताच्या माणसांना नाही."

"अगं, थांबा, थांबा!" बाहेरून ओरडा आला.

बीयुन धावली. पहिल्या चौकटीवरच्या शेवया लांबत होत्या. कुणी ओढत नव्हतं, आपल्याच वजनानं उतरत होत्या, एकमेकींना चिकटत. दुसऱ्या चौकटीवर तेच. मग पहिला झुपका सुटला आणि फरशीवर पडला. मग दुसरा.

आकिम मावशी, तीस वर्षांची जुनी कामगार, कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाई बाई बाई, देवळात न्यायच्या आधीच या तर भुईला पाया पडायला लागल्या!"

दोघी-तिघी हसल्या. बीयुनचा चेहरा बघून थांबल्या.

वारा तिच्या मानेला चाटून गेला, दमट. आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. तिनं वळून वहिनीकडे पाहिलं. शिऊचिन पडलेल्या शेवया गोळा करत होती. सगळ्या जणी हळहळत होत्या, चुकचुकत होत्या. एकटी तीच नवल वाटल्यासारखं तोंड करायला विसरली होती.

*

"तुम्हाला वारा कळला होता, वहिनी."

मागच्या खोलीत बक्षिसं बांधणं चाललं होतं. त्रेसष्ट बक्षिसं लागतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. बत्तीस साबण, सोळा टॉवेल, आठ तेलाचे डबे, चार रजया, दोन टेबलफॅन. आणि सगळ्यांच्या वर, चार फाशांवर लाल चौका पाडणाऱ्याचा, राईस कुकर. पौर्णिमेला खायच्या मूनकेकचे डबे वेगळे. शिऊचिनचा नवरा वेनताय भुईवर बसून साबण मोजत होता. तिसऱ्यांदा मोजत होता, कारण दोघी बोलायला लागल्या की त्याचा आकडा चुकायचा.

"मला वारा कळला होता? मी काय हवामान खातं आहे?"

"चार वाजता नळावर हात वर करून उभ्या होतात. मी खिडकीतून पाहिलं."

"हात वाळवत होते."

"वीस वर्षांत हात एप्रनला पुसल्याशिवाय दुसरं काही केलेलं पाहिलं नाही मी तुम्हाला!"

"पाहिलं म्हणे," शिऊचिननं टॉवेलची घडी थापटली. "वीस वर्षं होतात कुठं पाहायला? सणाला यायचात. दोन दिवस आईच्या हातचं खायचं, पपनसं पिशवीत भरायची, गाडी. थंडीत इथं पहाटे तीनला पाण्यात हात घालताना कोण होतं?"

"म्हणून बाबांनी दिलेलं एकटीनं गिळून बसायचं? देवाच्या शेवया होत्या वहिनी त्या! माझ्यावर राग होता तर माझ्या ताटात माती कालवायची. देवाच्या का?"

शिऊचिनचा हात थांबला. ते लागलं होतं.

"तुम्हीच म्हणालात, अकरा वाडगे," ती हळू म्हणाली. "अकरा कुणीही मोजेल."

"तेच! तेच बोलायचं होतं पहाटे. 'आज अकरा नको.' तीन शब्द! तीन शब्दांना काय मोल पडत होतं?"

"वाडगा," शिऊचिन म्हणाली. "फाशांचा वाडगा गेला असता माझा."

ती स्वतःच दचकली, एवढं उघड बोलून गेल्याबद्दल.

"अगं, जरा हळू," वेनताय म्हणाला. "कामगार ऐकतायत."

"तू गप्प बस," बहीण म्हणाली.

"तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली.

वेनतायनं साबण पहिल्यापासून मोजायला घेतले.

*

देवळात गेल्या आठवड्यातल्या शेवया गेल्या. लाल कागद नवा, आतला माल जुना. सुआतनं स्वतःच्या हातानं जुड्या देवापुढं मांडल्या, पपनस ठेवलं, उकडलेल्या अळकुड्या ठेवल्या. देवळाचे वडीलधारे चेनकाका चष्मा वर करून वाकले, एक जुडी उचलून पाहिली, परत ठेवली.

"म्हातारा होता तोवर ताज्या यायच्या," एवढंच म्हणाले.

"वारा फिरला," सुआत म्हणाली.

"वारा तेव्हाही फिरायचा, वहिनी."

ती परत निघाली, रस्त्याच्या कडेनं, काठी टेकत. पोरं कागदी कंदील घेऊन आत्तापासूनच पळत होती. सुआत कुणाकडे बघत नव्हती.

वारा तिलाही कळला होता. पहाटे तीनलाच, गुडघ्यांनी सांगितला. म्हणून तर ती खाली उतरली होती. लेकीला काथवटीपाशी उभं केलं आणि सुनेच्या तोंडाकडे बघत बसली. आता बोलेल, आता बोलेल. बोलली की कळेल, किती. अकराचे बारा करायचे की तेरा, आणि का. पण ती तर ओठ शिवून उभी.

सुआतला वारा कळायचा, मीठ कळायचं नाही. वयाच्या विसाव्या वर्षी या घरात आली, आणि पहिल्याच पहाटे नवरा म्हणाला, "चुलीवरचं पाणी बघ जा." ती पाणी बघायला गेली. मागून त्यानं दार लावून घेतलं. पन्नास वर्षं रोज चुलीवर पाणी होतं, रोज दार लागायचं. दार उघडलं की पीठ तयार असायचं, आणि मग ती ओढायची. तिच्यासारखा धागा या किनाऱ्यावर कुणी ओढला नाही. शियामेनहून लोक बघायला यायचे, फोटो काढायचे. त्या वेळी तो बाजूला उभा राहून सिगारेट ओढायचा.

तिनं एकदाच विचारलं होतं, "मला का नाही सांगत?" तो म्हणाला, "तुला जमायचं नाही." ती गप्प बसली. जमत नसेल. शाळेत कुठं गेलो होतो आपण?

आणि मरताना त्यानं सांगितलं ते सुनेला. परक्या घरच्या मुलीला. बायको बाहेर बाकावर बसली होती. चार पावलांवर.

लेकीला मालकीण करायचं म्हणून नव्हे, हे सुआतला ठाऊक होतं. लेकीचे हात लाकडाचे आहेत. तिला सुनेच्या तोंडून ते माप बाहेर काढायचं होतं. मग ते कुणालाही मिळो. आपल्या कानांनी एकदा ऐकायचं होतं.

*

चंद्र चौकटींच्या मागून वर आला. रिकाम्या काठ्यांच्या सावल्या अंगणभर पडल्या. कालवांची भजी तळून झाली, चहा झाला, मूनकेकचे चार-चार तुकडे झाले. कामगार, त्यांची बायका-पोरं, गल्लीतले शेजारी, सगळे गोल टेबलाभोवती दाटीनं बसले. मधोमध लाल नक्षीचा वाडगा. आत सहा फासे. कुणीच हात लावत नव्हतं.

"मालकीणबाई," आकिम मावशी म्हणाली, "चांदोबा डोक्यावर येईल. कुणीतरी सुरुवात करा. तो राईस कुकर दुपारपासून माझ्याकडे बघतोय."

लोक हसले. सुआत हसली नाही. तिनं वाडगा आपल्यापुढं ओढला.

"शिऊचिन," ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्यानं जाताना तुला मीठ सांगितलं. आज सकाळी देवाचं काम नासलं, तू तोंड उघडलं नाहीस. आता उघड. सगळ्यांसमोर सांग, मीठ कसं घालायचं. बीयुनलाही कळू दे. मग हा वाडगा तुझा. पहिला हात तुझा."

बीयुननं ओठ दाबले. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण ऐकावंसंही वाटत होतं.

शिऊचिन उभी राहिली. वाडगा समोर होता, एका हाताच्या अंतरावर. बावीस वर्षं. काही वाक्यं बोलायची आणि घ्यायचा.

"आई," ती म्हणाली, "त्यांनी मला मीठ सांगितलं नाही."

"खोटं!" बीयुन म्हणाली. "मी बघितलं!"

"बघितलंत. ऐकलं नाहीत."

"मग काय सांगत होते एवढा वेळ? गोष्ट?"

शिऊचिननं सासूकडे पाहिलं. "इथं नाही. तिकडं चला."

दोघी चौकटींपाशी गेल्या. टेबलावरचे लोक मोठ्या निष्ठेनं चहा पिऊ लागले.

"बोल," सुआत म्हणाली.

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

"मग तर बोलच."

शिऊचिननं एका काठीला धरलं. "म्हणाले, 'तिचे हात माझ्यापेक्षा चांगले होते. पहिल्याच महिन्यात दिसलं मला. मीठही तिलाच दिलं असतं तर मी कोण उरलो असतो? लोक म्हणाले असते, सुआतचा नवरा.' म्हणाले, 'म्हणून दार लावत गेलो. नंतर उघडायची लाज वाटायला लागली.' रडत होते, आई. मला म्हणाले, पाणी दे. दिलं. म्हणाले, तिला सांगू नकोस."

चंद्राचा उजेड सुआतच्या अर्ध्या तोंडावर होता.

"एवढंच?"

"एवढंच. मिठाचा एक शब्द नाही."

"मग तू कुठून शिकलीस?"

"ते चहा प्यायला बाहेर गेले की मी काथवटीतलं पाणी बोटानं चाखायचे. वारा बघायचे, पाणी चाखायचे. ध्यानात ठेवायचे. रोज."

"रोज," सुआत पुटपुटली. "मी चुलीपाशी उभी होते. दहा पावलांवर. बोट बुडवायचं सुचलं नाही मला. पन्नास वर्षं मला वाटायचं, आपली अक्कल कमी."

शिऊचिन रडत होती. "मी सहा महिने गप्प बसले. सगळे म्हणायचे, सासऱ्यानं हिला निवडलं. खरं नव्हतं, पण ऐकायला बरं वाटायचं. मला कुणी कधी निवडलं नव्हतं, आई. म्हणून पहाटेही... देवाचं काम होतं. कळत होतं मला. तरी नाही बोलले."

"वारा मलाही कळला होता."

शिऊचिननं डोळे पुसायचे थांबवले. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"तुझं तोंड कधी उघडतंय ते बघत होते," सुआत म्हणाली. "देवासमोर तू एकटी नाहीस. मीही आहेच रांगेत." तिनं सुनेच्या हातातली काठी सोडवून भोकात नीट बसवली. "डोळे पूस. आणि एप्रनला पूस, सवयीप्रमाणं. लोक बघतायत."

ती टेबलाकडे परत आली. वेनतायनं तिच्यासाठी स्टूल सरकवलं. ती बसली, बाह्या वर सारल्या. तिचे हात सगळ्यांना दिसले, गाठी आलेले, तरी बोटं लांब, सरळ.

तिनं वाडग्यातले सहाही फासे उचलले. कुणाला काही कळायच्या आत ते परत वाडग्यात पडले, खणखणत, काठाला आपटत, फिरत. एक अगदी काठावर चढला. बाहेर उडी मारता तर हात वाया गेला असता. पण तो परत आत घसरला.

आकिम मावशी वाकली. "एक लाल चौका! एकच!" ती म्हणाली. "मालकीणबाई, साबण!"

आधी कुणी हसलं नाही. मग सुआतच हसली, आणि अंगण हसलं. वेनतायनं दोन्ही हातांनी साबण दिला. तिनं तो हुंगला, खिशात टाकला.

"उद्या पहाटे चारला," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "शिऊचिन मीठ घालील, मी चाखीन. बीयुन माझ्या शेजारी धागा ओढील, तिचे हात नरम व्हायला वेळ लागेल. परवा ताज्या जुड्या घेऊन देवळात मी जाईन, चेनकाकांना सांगा. आणि काथवटीचं दार आजपासून कुणी लावायचं नाही. घे आकिम, तुझा हात."

वाडगा पुढं गेला. आकिम मावशीनं फाशांवर फुंकर घातली, लोक ओरडू लागले, पोरं बाकांवर चढली.

बीयुन टेबलाच्या टोकाला उभीच होती. मग हळूच येऊन वहिनीच्या बाकापाशी थांबली. दोघींचीही नजर त्या म्हातारीवर. ती कामगारांच्या मधोमध बसून फासे कसे धरायचे ते पोरांना दाखवत होती. चांदण्यात वीस वर्षांनी लहान दिसत होती.

"म्हणजे वाडगा आपल्या दोघींनाही नाही," बीयुन म्हणाली.

"एकाहत्तर वय आहे त्यांचं," शिऊचिन म्हणाली.

"आमची पणजी सत्त्याण्णव वर्षं जगली. माहितीय ना तुला?"

शिऊचिननं मनात हिशेब केला. तिचा चेहरा पडला. मग ती बाकावर सरकली आणि बीयुनला बसायला जागा करून दिली. दोघी खांद्याला खांदा लावून बसल्या, जळत, एकाच दिशेला बघत.

"शेवटी पणजीचे दात तरी होते का गं?"

"सगळे."

"काय कुजबुजताय तिकडं?" सुआतचा आवाज आला, खणखणीत.

"काही नाही, आई," दोघी एकदम म्हणाल्या.